वरच्या मजल्यावरच्या बाईचे केस

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, सकाळी दहाच्या सुमारास, चंद्रपूरच्या माझ्या घराच्या ओसरीवर मी वीस हजार रुपये अनामत घेतले. वरची खोली, अकरा महिन्यांचा करार. हजर तिघं: मी, माझी बायको आणि पैसे देणारी बाई. चौथ्या शेजारच्या मावशी होत्या, पण कुंपणाच्या पलीकडे. तुळशीला पाणी घालता घालता त्यांचा तांब्या रिकामा झाला, तरी त्या तो तिरपाच धरून उभ्या होत्या.

बाई अमेरिकेची. आफ्रिकी वंशाची, तिच्याच शब्दांत सांगायचं तर काळी अमेरिकन. वय छत्तीस, इंजिनियर. मी ज्या कंपनीत स्टोअर सांभाळतो ती खाणीतला माल वाहून नेणारे पट्टे बसवते आणि दुरुस्त करते. आमच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीनं या बाईला इथल्या एका कामासाठी पाठवलं होतं. हॉटेल तिला नको होतं. घरात स्वयंपाकाचा वास पाहिजे, असं तिनं ऑफिसात सांगितलं, आणि साहेबांना माझी वरची खोली आठवली.

मावशी बघत होत्या ते तिचे केस. कमरेपर्यंत आलेले, बोटाएवढ्या जाडीच्या लटांमध्ये वळलेले. वेण्या नव्हेत, वेणी सुटते, या सुटत नाहीत. कपाळापासून मागे घेऊन मानेवर एका फडक्यानं बांधलेल्या. आणि चार-पाच लटांच्या टोकांना कवड्या ओवलेल्या.

चंद्रपुरात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. चैत्रात महाकालीच्या जत्रेला लांबलांबून बाया येतात. कोणाच्या डोक्यावर जट असते, गळ्यात कवड्यांची माळ असते, आणि लोक वाट सोडून त्यांना हात जोडतात. आम्ही गोंड. आमचे देव वेगळे, आणि जटेला नमस्कार करायची रीत आमच्यात नाही. बायकोचं माहेर तर आलापल्लीच्याही पलीकडे जंगलात. पण इतकी वर्षं शेजारी राहिल्यावर शेजारणीची श्रद्धा कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर नारळ, हळदीकुंकू आणि अकरा रुपये दिसले, तेव्हा कोणी ठेवले हे मला विचारावं लागलं नाही.

"भाऊ, तुमी सांगतलं नाई," मावशी कुंपणावरून दबक्या आवाजात म्हणाल्या. "देवीची बाई घरी ठेवली आन् शेजाऱ्याले खबर नाई?"

"मावशी, इंजिनियर हाय थे."

"मंग? इंजिनियरच्या डोक्शात देवी येत नाई का?"

"अवं मावशी," माझी बायको आतून म्हणाली, "अमेरिकेत कुठची आली महाकाली?"

"तिले काय पासपोर्ट लागते?"

 

संध्याकाळी वरच्या बाईनं नारळ हातात घेऊन विचारलं, हे काय? तिचं हिंदी मोबाइलवर शिकलेलं, माझं इंग्रजी स्टोअरपुरतं. दोन्ही मिळून मी समजावलं. ती इतकी हसली की जिन्यावर बसली. मग हसणं थांबलं. लटा पुढे घेऊन ती कवड्यांशी चाळा करत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली. 'सर' म्हणू नका एवढंच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, 'भाऊ' तिनं मावशींच्या बोलण्यातून उचललं. "तिकडे ऑफिसात लोक न विचारता माझ्या केसांना हात लावतात. इथं न विचारता पाया पडतात. विचारत कोणीच नाही."

मी मावशींना सांगू का, असं विचारलं. ती म्हणाली, राहू द्या, त्यांचं मन दुखेल. अकरा रुपयांचं काय करायचं ते तिला कळेना. खर्च करणं बरोबर नाही आणि परत करणंही बरोबर नाही, हे मात्र तिला न सांगता कळलं. तिनं एक स्टीलचा डबा मागितला आणि त्यात ठेवले. मग कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी पायरीवर अकरा रुपये यायचे आणि डब्यात जायचे.

रविवारी ती गच्चीवर केस धुवायची. हे काम अर्ध्या दिवसाचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. एकेक लट धुवायची, पिळायची, मुळाशी तेल लावून बोटांनी पुन्हा वळायची. मागच्या लटांना तिचा हात नीट पोचत नसे. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी बायको वाळवण काढायला वर गेली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इकडं दे." तेव्हापासून मागची बाजू बायकोची झाली. माहेरून आलेलं मोहाच्या बियांचं तेल ती फार जपून वापरते, मला गुडघ्याला लावायलाही मोजून देते. ते तेल त्या बाईच्या केसांना किती जात होतं यावर मी काही बोललो नाही.

दोघींची भाषा कोणती होती ते मला सांगता येणार नाही. काही हिंदी, काही हात, बाकी तेल. पण त्या गच्चीवरूनच मला तिची बरीच हकीकत बायकोच्या तोंडून कळली. तिची आई बँकेत काउंटरवर होती. बँकेत जायचं तर केस सरळ पाहिजेत, म्हणून आजी दर रविवारी लोखंडी फणी गॅसवर तापवून आईचे केस दाबून सरळ करायची. मग नातीचेही. कानाच्या वर भाजल्याचा एक डाग अजून आहे. बायकोनं तो बोटानं पाहिला होता. नोकरीची पहिली काही वर्षं या बाईनंही केस सरळच ठेवले. आजी गेली त्या वर्षी तिनं फणी बंद केली आणि केसांना त्यांच्या मनासारखं वाढू दिलं. कवड्या आजीच्या माळेतल्या. तेव्हापासून कात्री लागलेली नव्हती.

तिची माझी खरी ओळख झाली ती फोनमुळे. एका संध्याकाळी मी पायरीवर बसून बायकोशी गॅसच्या टाकीवरून वाद घालत होतो. मध्येच साहेबांचा फोन आला. मी उभा राहिलो. "नमस्कार सर. हो सर. मी पाहून घेतो आणि आपल्याला लगेच कळवतो सर." फोन ठेवला, बसलो, आणि बायकोला म्हणालो, "तूच सांगतली नाई, मले काय सपन पडते टाकी संपली म्हणून?"

वरच्या पायरीवर ती बसली होती. म्हणाली, "कोण होतं?"

"साहेब."

"ते कळलं. बोलत कोण होतं?"

मला आधी समजलं नाही. मग तिनं माझी नक्कल केली. शब्द नव्हते, नुसता आवाज: वर चढलेला, बारीक, इस्त्री केलेला. बायको इतकी हसली की टाकीचा वाद तिथंच संपला.

"माझ्या आईचाही होता," ती म्हणाली. "टेलिफोनचा आवाज. आम्ही भावंडं पलीकडच्या खोलीत ओळखायचो, समोर गोरा माणूस आहे की आमची मावशी. मला पण आहे. तुम्ही ऑफिसात रोज तोच ऐकता."

मी एटापल्लीकडच्या गावात वाढलो. घरात गोंडी, शाळेच्या वाटेवर झाडीची, म्हणजे इकडच्या बोलीतली मराठी, आणि शाळेत मास्तरांची. नोकरी लागल्यावर आणखी एक शिकलो. हे शिकावं लागलं याचं मला कधी विशेष वाटलं नव्हतं. पावसात छत्री घेतो तसं. पण दुसऱ्या कोणाच्या आईचीही अशीच छत्री होती हे ऐकून बरं वाटलं. का बरं वाटलं ते नीट सांगता येत नाही.

होळीच्या आधी ऑफिसात बातमी आली की मुंबईचे आणि अमेरिकेचे वरचे साहेब येणार. बाईनं बसवलेला पट्टा बघणार, त्याची फिल्म घेणार, आणि तो तिनंच समजावून सांगायचा. काम चांगलं दिसलं तर या सगळ्या भागाची जबाबदारी तिच्याकडे यायची शक्यता होती. तिला ती हवी होती. ही गोष्ट ती लपवत नसे.

शुक्रवारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. तरुण आहेत, पुण्याकडचे. कोणाला लागेल असं बोलायचं असलं की पेनाचं टोपण काढ-घाल करतात. त्या दिवशी बराच वेळ करत होते.

"तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही," ते तिला म्हणाले. "फक्त फिल्म सगळीकडे दाखवणार आहेत. केस जरा... छोटे, व्यवस्थित केले तर? शिवाय हेल्मेटचाही मुद्दा आहे."

"हेल्मेटचा काय मुद्दा आहे?"

"म्हणजे, बसत नसेल ना नीट."

ती उठली. टेलिफोनच्या आवाजात "विचार करते" म्हणाली आणि गेली. साहेबांनी मला थांबवलं. तिनं ऐकलं नाही तर पट्टा दुसरा कोणी समजावून सांगेल, म्हणाले. पण कागदावर कारण पाहिजे. "स्टोअरमधून एक ओळ लिहून द्या. उपलब्ध हेल्मेट यांना सुरक्षितपणे बसत नाही."

तिचं हेल्मेट मीच दिलं होतं. मोठ्या मापाचं होतं. लटा मानेवर बांधून तिनं ते घातलं, पट्टी आवळली, मी म्हणालो म्हणून डोकं खाली करून हलवून दाखवलं. सरकलं नाही. त्यानंतर ती सहा महिने तेच घालून खाणीवर जात होती.

"सोमवारी देतो सर," मी म्हणालो.

रविवारी गच्चीवर पाणी सांडल्याचा आवाज आला नाही. मी वर गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि बायको समोर उभी. तिनं बायकोकडे कात्री मागितली होती. बायकोनं आणलीही होती. साडीचे फॉल कापायची मोठी कात्री. पण हातातच धरून ठेवली होती.

"आईनं काय केलं असतं मला माहीत आहे," ती मला म्हणाली. "आजीनं फणी तापवली असती. नोकरी पहिली. केस पुन्हा येतात."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेजारच्या अंगणातून मावशींना बायकोच्या हातातली कात्री दिसली होती. गुडघे दुखतात म्हणून त्या आमच्याकडे कधी वर येत नाहीत. त्या दिवशी आल्या, धापा टाकत, पदर खांद्यावरून सुटलेला.

"कापू नको वं माय! जटेले कात्री लावली तं कोप होते! माह्या भावजयीनं कापली, साल झालं नाई तं..."

त्यांनी तिचे पाय धरले. ती घाबरून पाय मागे घेत होती, मावशी पुढे सरकत होत्या. काय चाललंय ते तिला पुरतं कळत नव्हतं. ते मी इंग्रजीत सांगितलं. ती एकदा मावशींकडे बघत होती, एकदा कात्रीकडे. तिच्या चेहऱ्यावर जो थकवा होता तो मी नुकताच शुक्रवारी साहेबांच्या टेबलासमोर पाहिला होता.

बायकोनं कात्री माझ्याकडे दिली. मावशींना दंडाला धरून उठवलं आणि पाण्याच्या टाकीच्या कडेवर बसवलं. "दम खा, मावशी. कोणी कापून नाई राह्यलं." मग ती बाईसमोर उकिडवी बसली.

"साहेबाले कापायचे हायत. मावशीले ठेवायचे हायत," ती म्हणाली. "तुले काय पाह्यजे?"

याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

 ती समोरच्या नळाकडे बघत होती. मग डोळे पुसले आणि हिंदीत म्हणाली, "धोना है. आज संडे है."

बायको उठली आणि बादली नळाखाली लावली.

मी कात्री खाली नेऊन ठेवली आणि तेलाची बाटली घेऊन वर आलो. मावशी अजून टाकीवरच होत्या. बायको मागच्या लटा वळत होती, बाई डोळे मिटून बसली होती. मावशी उठल्या, जवळ आल्या, थांबल्या. इतके महिने त्या पायरीवर डोकं टेकवत आल्या होत्या, पण केसांच्या इतक्या जवळ कधी गेल्या नव्हत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "हात लावू का?"

मी सांगितलं. तिनं डोळे उघडले, मावशींकडे बघितलं आणि मान हलवली. मावशींनी एक लट हातात घेतली. वजन पाहिलं, वास घेतला.

"साफ हायत वं," त्या बायकोला म्हणाल्या. आवाजात नवल होतं. "जट अशी नसते. हे तं विणले हायत, सुतावानी."

"मंग काय सांगून राह्यली मी कव्हापासून?"

"तू म्हणत होती पासपोर्ट," मावशी म्हणाल्या.

"पासपोर्ट तुमी म्हणत होत्या!"

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. वाक्य तयार केलं होतं: सर, सदर हेल्मेट नियमानुसार बसते, त्यामुळे तसं लिहून देणं शक्य होणार नाही. बाहेर पडलं ते वेगळंच.

"साहेब, मी कसा लिवून देऊ? टोपी बसते तिले. म्याच देली."

साहेबांनी टोपण थांबवलं. वीस वर्षांत त्या खोलीत मी असा कधी बोललो नव्हतो; त्यांच्या आधीच्या साहेबांसमोरही नाही. मी वाट बघत उभा राहिलो. ते खिडकीबाहेर बघत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग राहू द्या."

पट्टा तिनंच समजावून सांगितला. तिनं कोणत्या आवाजात सांगितला हे ऐकायला मी तिथं नव्हतो. मी गेटवर पाहुण्यांना हेल्मेटं देत होतो. ती पाहुण्यांच्या पुढे चालत गेली तेव्हा हेल्मेटच्या खाली, पाठीवर, कवड्या दिसत होत्या. फिल्म नंतर आम्हाला दाखवली. त्यात पट्टा होता, चाकं होती, सूर्यास्त होता. माणसं फार लांबून घेतली होती. कोणतं डोकं कोणाचं ते ओळखू येत नव्हतं.

या भागाची जबाबदारी तिला मिळाली नाही. का नाही, ते कोणी सांगितलं नाही. ओडिशातल्या एका खाणीवर दोन वर्षांचं काम मिळालं, ते तिनं घेतलं, केसांसकट. माझी त्या वर्षीची पगारवाढ आदल्या वर्षीपेक्षा कमी होती. त्याचा याच्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पुरावा नाही.

त्या रविवारनंतर पायरीवर अकरा रुपये आले नाहीत. त्याऐवजी लाखोरीच्या डाळीची भाजी यायला लागली, आणि कधी झाकण घातलेल्या वाटीत झुणका. मावशी आता खालूनच हाक मारायच्या, "ए बाई! जेवली का?" आणि ती गच्चीवरून झाडीच्या सुरात ओरडायची, "जेवली! तुमी?" हे उत्तर तिला बायकोनं शिकवलं होतं. प्रत्यक्षात जेवलेली नसली तरी ती तेच ओरडायची.

आषाढात करार संपला. हिशेब ओसरीवरच झाला. अनामत वीस हजार, त्यातून विजेचे सातशे चाळीस वजा, बाकी एकोणीस हजार दोनशे साठ मी तिच्या हातात दिले. तेलाचे पैसे घ्या असं ती बायकोला म्हणत होती. बायकोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तिनं एका लटेची कवडी सोडली आणि बायकोच्या हातात ठेवली. ती मी हिशेबात धरलेली नाही.

शेवटी तिनं स्टीलचा डबा आणला. मावशी या वेळी कुंपणाच्या अलीकडे होत्या, बोलावून आलेल्या. डब्यात तीनशे एक्केचाळीस रुपये होते.

"देवीचे पैसे वापस घेत नसतात," मावशी म्हणाल्या.

"मी देवी नाई, मावशी," ती म्हणाली. हे वाक्य तिनं पाठ केलं होतं हे कळत होतं.

"मले का माहीत नाई? तेलाच्या दिवशीच समजलं."

"मग घ्या."

मावशींनी डबा घेतला. नोटा वेगळ्या केल्या, चिल्लर वेगळी केली. तीनशे रुपये पदराच्या टोकाला बांधले. उरलेले एक्केचाळीस मुठीत घेऊन त्या तिच्याजवळ गेल्या. ती सवयीनं एक पाऊल मागे सरली. मावशी वाकल्या नाहीत. त्यांनी तिचा उजवा हात धरला, उघडला, आणि पैसे आत ठेवून तिची बोटं मिटवली.

"लेक घरून निघते तं खाली हातानं धाडत नाई," त्या म्हणाल्या.

तीनशे रुपये शेजारच्या मावशींना. एक्केचाळीस रुपये मावशींकडून तिला, वाटखर्चासाठी.